नवऱ्याला इंग्लंडातल्या खेड्यात बार्न घ्यायचंय, आणि माझ्या पोटात गोळा येतोय

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी चाळिशीची, नवरा-बायको दोघंही रेडिंगला आयटीत, दोन मुलं. मेच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सत्राच्या मधल्या आठवड्याच्या सुट्टीत, हे लोक आणखी एका मराठी कुटुंबाबरोबर, पुण्याहून आलेल्या सासू-सासऱ्यांना घेऊन हेरफर्डशरमध्ये एका बार्नमध्ये चार रात्री राहिले. बार्न म्हणजे जुनं धान्याचं कोठार, आता आतून दुरुस्त करून सुट्टीचं घर केलेलं. एकूण दहा माणसं, पाच बेडरूम, सगळ्यांना प्रचंड आवडलं. परत येताना गाडीतच नवऱ्याने जाहीर केलं की आपणही असं एक घ्यायचं, आणि तेव्हापासून रोज रात्री लॅपटॉपवर घरं बघणं चालू. आता त्याच भागात साडेचार लाख पाउंडांचं तीन बेडरूमचं बार्न सापडलंय. मित्र निम्मे पैसे घालायला तयार आहे, दोन्ही घरांचे मिळून एक लाख वीस हजार जमतात, एजंट म्हणतोय लवकर सांगा. नवऱ्याने एक्सेल शीट केलीये: वर्षभर भाड्याने द्यायचं, हप्ता त्यातून निघेल, सुट्ट्यांना आपण जाऊ, आई-बाबा आले की तीन-तीन महिने तिकडे राहतील, रिटायर झालो की आपणच तिकडे. तिला हे पटत नाहीये पण नेमकं काय पटत नाहीये ते सांगता येत नाहीये. "त्याच्या आजोबांचा कराडजवळचा वाडा वाटण्यांमध्ये गेला, ते त्याच्या मनातून जात नाही. मी त्याचं स्वप्न मोडतेय का? प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणारी बाई झालेय का मी? ताई, खरं सांगू, चादरी कोण बदलणार असं मी विचारलं तर तो हसला."

हसला ना, मग तिथूनच सुरू करू. कारण ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात गंभीर प्रश्न तोच आहे, आणि तो विचारलास म्हणून तू काही नन्नाचा पाढा लावणारी ठरत नाहीस. सुट्टीच्या घरात जुने पाहुणे साधारण सकाळी दहाला निघतात आणि नवे दुपारी चारला येतात. मधल्या सहा तासांत चादरी, टॉवेल, बाथरूम, ओव्हन, वुड बर्नरमधली राख, बाहेरच्या टेबलावरचे वाइनचे डाग, सगळं आवरायचं, आणि हे बहुतेक शुक्रवारी. रेडिंगहून हेरफर्डला गाडीने अडीच तास धरून चाल, ते पण ट्रॅफिक शहाण्यासारखा वागला तर. म्हणजे हे काम तुम्ही करणारच नाही, गावातलं कुणीतरी पैसे घेऊन करणार, आणि ती बाई आजारी पडली की फोन तुला येणार. त्याला नाही, तुला. एजन्सीकडे दिलंत तर फोन एजन्सीवाले घेतात, पण भाड्यातला पाचवा हिस्सा तरी त्यांना द्यावा लागतो, तो एक्सेलमध्ये धरलाय का ते बघ. मला वाटतं नसणार.

पण एक्सेलशी भांडत बसू नकोस एवढ्यात. मला तुझ्या पत्रात वेगळंच काहीतरी दिसतंय. तुझ्या नवऱ्याला ते चार दिवस हवेत गं. सगळे एका छपराखाली, सकाळी कुणीतरी आधी उठून चहा टाकलेला, पोरं बाहेर चिखलात, बाबा आरामखुर्चीत, आणि कुणालाही घरी जायची घाई नाही, असं काहीतरी त्याच्या लहानपणी त्या वाड्यात असणार आणि ते त्याला इथे एकदम अनपेक्षितपणे परत सापडलं. हे मागायला त्याला लाज वाटतेय, एवढा मोठा माणूस, म्हणून त्याने त्याला इन्व्हेस्टमेंटचे कपडे घातलेत. आणि तुला भीती वाटतेय पण नुसती भीती म्हणजे काही मुद्दा नव्हे असं तुला वाटतं, म्हणून तूही आकडेच शोधतेयस. दोघंही पैशांवर भांडताय आणि पैशांबद्दल बोलायचंय कुणालाच नाहीये!

तरी आकडे एकदा बघून टाकू, म्हणजे निदान ती पळवाट बंद होईल. इंग्लंडमध्ये दुसरं घर घेतलं की स्टॅम्प ड्यूटीवर ज्यादा सरचार्ज लागतो, तो ३१ ऑक्टोबर २०२४ पासून तीन टक्क्यांचा पाच टक्के झालाय. साडेचार लाखांवर आत्ताच्या दराने सगळी मिळून ड्यूटी होते ३५,००० पाउंड. सुट्टीच्या घराच्या मॉर्गेजला बँका साधारण २५ टक्के डिपॉझिट मागतात, ते झाले १,१२,५००. बेरीज १,४७,५००, वकील आणि सर्व्हे अजून बाकी, आणि तुमच्याकडे दोन्ही घरांचे मिळून एक लाख वीस हजार. म्हणजे गाडी स्टेशनातच अडकली. (इतर वाचकांसाठी एक सांगून ठेवते, हा सरचार्ज बघताना तुमचं पुण्या-मुंबईतलं घरही मोजतात. इथे पहिलंच घर घेताय पण भारतात स्वतःच्या नावावर फ्लॅट आहे, तरी लागू शकतो. सही करायच्या आधी वकिलाला स्पष्ट विचारा.)

आता हप्ता. कर्ज ३,३७,५००, समजा व्याज साडेपाच टक्के, मुद्दल न फेडता नुसतं व्याजच वर्षाला साडेअठरा हजारांच्या वर जातं. आणि इथे तुझ्या नवऱ्याची शीट बहुधा जुन्या माहितीवर उभी आहे. फर्निश्ड हॉलिडे लेटिंग म्हणून टॅक्समध्ये जी वेगळी सवलत होती ती ६ एप्रिल २०२५ पासून बंद झाली. आधी अख्खं व्याज उत्पन्नातून वजा व्हायचं, आता व्याजाच्या फक्त २० टक्क्यांएवढी सूट टॅक्समधून मिळते. म्हणजे बाकी खर्च जाऊन भाड्याचे साडेअठरा हजार उरले आणि ते सगळे व्याजात गेले, हातात शून्य, तरी ४० टक्के टॅक्सच्या टप्प्यात असणाऱ्यांना मिळून ३,७०० पाउंड टॅक्स भरायचा, न मिळालेल्या नफ्यावर. हे एकदा त्याच्या शेजारी बसून, वाद न घालता, त्याच्याच शीटमध्ये टाकून बघ. त्याला आकडे कळतात, तो समजून घेईल.

काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, पण आहेच. घर वर्षात १४० दिवस भाड्यासाठी उपलब्ध असेल आणि त्यातले ७० दिवस खरोखर भाड्याने गेलं असेल तरच ते बिझनेस रेट्समध्ये, म्हणजे धंद्याच्या जागेवरच्या करात, बसतं, आणि छोटा धंदा म्हणून तिथे बऱ्याचदा काहीच भरावं लागत नाही. सत्तर भरले नाहीत की काउन्सिल टॅक्स, आणि एप्रिल २०२५ पासून सेकंड होमला तो दुप्पट करायची मुभा काउन्सिलांना मिळालीये.

सत्तर दिवस म्हणजे काय, सहज जातील, असं तो म्हणेल. जातीलही, पण कुठले? ज्या आठवड्यांत पैसे मिळतात ते म्हणजे ईस्टर, मेची हाफ टर्म, जुलैच्या शेवटापासूनचे सहा आठवडे, ऑक्टोबरची हाफ टर्म, ख्रिसमस. आणि तुम्हाला जायचंय ते कधी? शाळेत जाणारी मुलं असलेल्या माणसांना दुसरं काही शक्यच नाही, नेमके तेच आठवडे. दिवाळी ऑक्टोबरच्या सुट्टीला लागून आली की तुला वाटणार सगळे मिळून तिथे फराळ करू, आणि त्याच आठवड्याला बर्मिंगहॅमचं कुणीतरी दोन हजार पाउंड द्यायला तयार असणार. तुम्ही स्वतः राहिलात तर ते तुमच्या खिशातून गेले. घर कमावणारही आणि आपल्याला हवं तेव्हा रिकामंही, हे एकाच वेळी होत नाही, आणि ह्या एका गोष्टीवर सगळी योजना उभी आहे. शिवाय तुम्हाला जे आवडलं ते पाच बेडरूमचं होतं, घेताय ते तीनचं. दहा माणसं झोपणार कुठे, माळ्यावर?

रिटायरमेंटचा मुद्दा कदाचित एका कागदात निकाली निघेल, म्हणून हे आधी कर. शेतातल्या अशा इमारतींना पूर्वी परवानगी देताना पुष्कळदा अट घातलेली असते की हे घर फक्त सुट्टीसाठी वापरायचं, कुणाचंही कायमचं घर म्हणून नाही, काही ठिकाणी एका वेळी सलग २८ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही असंही असतं. २०१४ नंतर क्लास क्यू नावाच्या नियमाखाली जी बार्नं घरं झाली त्यांना सहसा ही भानगड नसते. तुमचं कुठल्या प्रकारातलं ते काउन्सिलच्या प्लॅनिंगच्या वेबसाइटवर पत्ता टाकून फुकट बघता येतं, डिसिजन नोटीस (परवानगीचा निर्णय लिहिलेला कागद) उघडायची आणि खालच्या कंडिशन्स एकेक करून वाचायच्या. अशी अट निघाली तर त्या घरात तुम्ही म्हातारपणी राहू शकत नाही आणि आई-बाबा पण तीन महिने राहू शकत नाहीत, बाकी काहीही न मोजता त्याच्या पाचातले दोन मुद्दे गेले. गंमत म्हणजे अशी अट असलेल्या घराला तो दुप्पट काउन्सिल टॅक्स लावता येत नाही, म्हणजे एका हाताने घेतात आणि दुसऱ्या हाताने थोडंसं देतात.

आणि अट नसली तरी सासू-सासऱ्यांचं काय, त्यांना कुणी विचारलंय का? चार दिवस सगळे होते म्हणून त्यांना मजा आली. आठवडाभर तुम्ही रेडिंगला नोकरीवर आणि ते दोघं त्या शेतात, बस आहे तर दिवसातून मोजून, गल्लीवजा रस्त्यांना फुटपाथ नाही, दोघांनाही इथली गाडी चालवता येत नाही, मोबाईलला रेंज खिडकीपाशी उभं राहिलं तर. रेडिंगला सासरे निदान पायी दुकानापर्यंत जाऊन दूध तरी आणत असतील, वाटेत कुणी हिंदी-मराठी बोलणारं भेटतं. तिथे बोलायला मेंढ्या. मला विचारशील तर त्यांना असं ठेवणं हा त्यांच्यावर प्रेमाने केलेला अन्याय होईल.

आता बार्नबद्दल दोन गोष्टी, कारण अशी घरं फोटोत फार गोड दिसतात. तुम्ही राहिलात तिथे मोठ्या खोलीत समोरासमोर दोन उंचच्या उंच काचा होत्या का? जवळपास नक्की असणार. त्या जागी पूर्वी दोन मोठे दरवाजे असायचे, भरलेली गाडी आत यावी एवढे, आणि मधली जमीन म्हणजे खळं. तिथे धान्य झोडपायचे आणि दोन्ही दारं उघडी टाकली की आरपार वाऱ्यावर कोंडा उडून जायचा. भिंतींत त्या अरुंद फटी दिसतात त्यासुद्धा साठवलेल्या धान्याला हवा लागावी म्हणून. म्हणजे ही इमारत मुळात वारा खेळावा म्हणून बांधलेली, आणि आता आपण त्यात फेब्रुवारीत वीस डिग्री करायला बघतो. गरम हवा वर आढ्याला जाऊन बसते, खाली सोफ्यावर माणसं शाली पांघरून. गावात गॅसची लाइन बहुतेक नसतेच, हीटिंग ऑइलचं, टाकी भरायला टँकर बोलवायचा. आणि आपल्या बायकांसाठी खास, एवढ्या उंच उघड्या खोलीत मिरचीची फोडणी घातली की माळ्यावर झोपलेला माणूस खोकत उठतो, मग स्मोक अलार्म, मग सगळेच.

घर बघायला जाल तेव्हा तुळयांच्या खाली, खिडकीच्या कट्ट्यावर, काळे बारीक दाणे दिसतात का बघ. उंदराच्या लेंड्या वाटतील. टिश्यूत धरून दाब, उंदराच्या असतील तर कडक लागतात, वटवाघळाच्या असतील तर भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांची चमक दिसते. भुगा झाला तर समज की छपराला हात लावायचा तर आधी तज्ज्ञ आणि कदाचित लायसन्स, कारण ब्रिटनमध्ये सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांची जागा रिकामी असली तरी ती मोडणं गुन्हा आहे. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात जात असेल तर तेही २०२० पासून चालत नाही, नवी यंत्रणा बसवायला हजारो पाउंड. लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित इमारत, असेल आणि आधीच्या मालकाने परवानगी न घेता खिडकी पाडली असेल तर ती निस्तरायची तुम्ही. पाहुण्यांना द्यायचं तर आगीच्या धोक्याचा लेखी अहवाल लागतो, ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या घरांनाही. घाबरवायला नाही सांगत, लेव्हल थ्री सर्व्हे (इमारतीची सगळ्यात सखोल तपासणी) आणि गावाकडच्या मालमत्तांची सवय असलेला वकील घेतला तर हे सगळं सापडतं. पण लवकर सांगा म्हणणाऱ्या एजंटच्या घाईत नाही सापडत.

आणि मित्र. इथे मात्र मला राहवत नाही म्हणून जरा स्पष्ट बोलते. ज्याच्या मनात वाटण्यांनी गेलेला वाडा सलतोय तो माणूस पुन्हा दोन घरांच्या मालकीचंच घर घ्यायला निघालाय! भागीचं घोडं किवणानं मेलं असं आपल्याकडे उगाच नाही म्हणत. आज दोन्ही कुटुंबं एकत्र पत्ते खेळतात, उद्या त्यांची बदली सिंगापूरला झाली, कुणाचा घटस्फोट झाला, कुणाची नोकरी गेली, त्यांना विकायचंय आणि तुम्हाला नाही, किंवा उलटं, मग? ख्रिसमसचा आठवडा कुणाचा? बॉयलर गेला आणि त्यांच्याकडे तेव्हा पैसे नसले तर? घ्यायचंच ठरलं तर टेनंट्स इन कॉमन म्हणून, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा वेगळा ठेवून, घ्या आणि डीड ऑफ ट्रस्ट, म्हणजे मालकीचा करार, वकिलाकडून लिहून घ्या: कुणाचा हिस्सा किती, एकाला बाहेर पडायचं तर किंमत कोण ठरवणार, दुसऱ्याला किती महिने मिळणार. हे कागद करूया असं म्हटल्यावर मित्राचा चेहरा कसा होतो तेही बघून ठेव, त्यातून बरंच कळतं.

तर करायचं काय. नाही म्हणू नकोस. तू त्याला विचार की दर वर्षी आपण सगळे एकत्र असे किती दिवस घालवायचे, आणि त्यासाठी आपल्या घरातून वर्षाला किती पैसे गेले तरी आपल्याला वाईट वाटणार नाही. कमाई नाही, खर्च, चक्क खर्च म्हणून आकडा ठरवा. समजा पाच हजार म्हणालात. त्यात दोन्ही कुटुंबांनी मिळून वर्षातून दोनदा मोठं बार्न भाड्याने घेता येतं, आधीच्याच ठिकाणी जायचं असेल तर तेच, पोरांनाही ओळखीची जागा होते, आणि चादरी दुसरं कुणीतरी बदलतं. असं दोन-तीन वर्षं केल्यावरही त्याला स्वतःचंच हवं असेल तर मग ती ओढ खरी आहे, आणि तोपर्यंत पैसेही जमतील.

मात्र एक सुट्टी फेब्रुवारीत घ्यायची, मुद्दाम. मेमधलं हेरफर्डशर बघून घर घेणं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये मुलगी पसंत करणं. फेब्रुवारीत साडेपाचला अंधार, पाऊस आडवा, अंगणाचा चिखल, ऑइलचं बिल, आणि दूध संपलं की वीस मिनिटं गाडी. तेव्हाही त्याचा चेहरा तसाच फुलला तर मी माझे शब्द मागे घेईन.

आणि त्याला बार्न ही इमारतच आवडलीये का हेही बघायला हरकत नाही. तुमच्यापासून तासाभरावर ऑक्सफर्डशरमध्ये ग्रेट कॉक्सवेलचं बार्न आहे, ब्यूलीच्या मठाच्या साधूंनी साधारण १३०० च्या सुमारास बांधलेलं, बाहेरून दगडी आणि आत ओकचे खांब उंच दगडी चौथऱ्यांवर उभे. आणि हार्मंड्सवर्थचं १४२६ चं तर हीथ्रोच्या अगदी कुशीत आहे, उन्हाळ्यात ठराविक रविवारी उघडतात, वेळ बघून जा. बाबांना पण ने. त्यांना शेती कळते, खळं कुठे होतं ते तेच पोरांना दाखवतील.

ज्यांना फक्त भाड्याने घेऊन राहायचंय, घरात ज्येष्ठ आहेत, त्यांनी बुक करायच्या आधी मालकाला सरळ मेसेज करून विचारा: खालच्या मजल्यावर बेडरूम आणि बाथरूम दोन्ही आहेत का (नुसती बेडरूम असून उपयोग नाही, रात्री त्या उघड्या लाकडी जिन्यावरून कोण चढणार), गरम पाणी टाकीचं आहे का आणि दहा माणसांच्या आंघोळींना पुरतं का, शेवटचा रस्ता गाडीला कसा आहे, कुठलं मोबाईल नेटवर्क चालतं. कुकर आणि तवा आपला न्या. आणि तेल सिंकमध्ये ओतू नका, सेप्टिक टँक तुंबतो आणि मग डिपॉझिट विसरा.

तू आता एवढंच कर, एजंटला ईमेल टाक की आम्हाला प्लॅनिंगची डिसिजन नोटीस आणि मागच्या तीन वर्षांचा बुकिंगचा हिशोब पाठवा, ते बघितल्याशिवाय आम्ही काही बोलणार नाही. ईमेल नवऱ्याच्या नावाने जाऊ दे, तुझ्या नाही. तेवढ्यात ते बार्न दुसऱ्या कुणी घेतलं तर घेऊ दे, हेरफर्डशरमध्ये बार्नांची टंचाई नाहीये.